रिप्रेझेंट कुठे वापरायचं, कुठे नाही: आयल्ट्सची तयारी सुरू करणाऱ्यांसाठी

आयल्ट्स अकॅडेमिक या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंग टास्क वनची, म्हणजे आलेख, टेबल किंवा नकाशा बघून त्याचं वर्णन लिहायच्या प्रश्नाची, तयारी नुकतीच सुरू केलेल्यांचं लिखाण मी बरेच दिवस तपासून देतेय, आणि त्यात पहिलंच वाक्य 'द ग्राफ रिप्रेझेंट्स...' असं फार वेळा येतं. होतं काय, की प्रश्नात 'शोज' दिलेलं असतं, ते जसंच्या तसं उचलायचं नाही एवढं सगळ्यांना पक्कं माहीत असतं, मग शोज, इलस्ट्रेट्स, डिपिक्ट्स, रिप्रेझेंट्स अशी पाठ केलेली यादी आठवते आणि त्यातला जो जड वाटेल तो घेतला जातो. पण हे चार शब्द एकमेकांच्या जागी सरसकट चालत नाहीत.

रिप्रेझेंट मूळचा लॅटिनमधला, 'समोर हजर करणं' अशा अर्थाचा. म्हणजे जे समोर नाही त्याच्या जागी दुसरं काहीतरी उभं करायचं. एवढं डोक्यात बसलं की वाक्याची दिशा आपोआप कळते, आधी खूण आणि मग ती खूण ज्याच्यासाठी आहे ते. 'द डव्ह रिप्रेझेंट्स पीस' बरोबर. शांततेपासून सुरुवात करायची असेल तर 'पीस इज रिप्रेझेंटेड बाय अ डव्ह' असं पॅसिव्ह करावं लागतं.

आता हेच आलेखाला लावून बघा. निळी रेघ ही खूण आहे, म्हणून 'द ब्लू लाइन रिप्रेझेंट्स एक्सपोर्ट्स' एकदम चपखल बसतं. 'ईच डॉट रिप्रेझेंट्स 1,000 पीपल' पण मस्त. पण अख्खा ग्राफ कशाची खूण नसतो, तो माहिती दाखवतो, त्यामुळे तिथे 'द ग्राफ शोज हाउ एक्सपोर्ट्स चेंज्ड' हेच सहज वाटतं. साधं क्रियापद वापरलं म्हणून मार्क जातात ही भीती काढून टाका प्लीज. लेक्सिकल रिसोर्सला, म्हणजे शब्दसंपत्तीला, मार्कांमध्ये 25 टक्के वजन आहे हे खरं, पण तिथे शब्द नेमका वापरलाय का हेही बघतात, नुसता भारी शब्द बघत नाहीत.

पाय चार्ट आला की रिप्रेझेंटचा अजून एक अर्थ कामाला येतो, 'इतका वाटा असणं'. 'कोल रिप्रेझेंटेड 40 पर्सेंट ऑफ द टोटल'. 'अकाउंटेड फॉर' दोनदा लिहून झालं असेल तर हा चांगला पर्याय आहे, आणि मला वाटतं टास्क वनमध्ये या शब्दाचा खरा उपयोग इथेच आहे.

'इज रिप्रेझेंटिंग' मात्र जपून. मराठीत 'दाखवत आहे' म्हणायची सवय, त्यामुळे 'द रेड बार इज रिप्रेझेंटिंग...' असं हातून सहज लिहिलं जातं. खूण किंवा वाटा या अर्थाने आयएनजी लावत नाहीत, साधा वर्तमानकाळच ठेवा. कोणाच्या वतीने उभं राहणं या अर्थाने चालतं, 'शी इज रिप्रेझेंटिंग हर कंट्री' बरोबरच आहे.

रिप्रेझेंटच्या जवळचे बाकीचे शब्द थोडक्यात सांगते. डिपिक्टमध्ये चित्र काढल्याचा भाव आहे, त्यामुळे नकाशा किंवा प्रोसेस डायग्रॅमला तो शोभतो, आकड्यांच्या टेबलला नाही. पोर्ट्रे बहुतेकदा 'अ‍ॅज' घेऊन येतो आणि त्यात दाखवणाऱ्याचा दृष्टिकोन असतो, 'द मीडिया पोर्ट्रेज यंग पीपल अ‍ॅज लेझी', हा टास्क टूचा, म्हणजे निबंधाचा शब्द. एम्बॉडी एखादं मूल्य माणसात किंवा संस्थेत मूर्त दिसतं तेव्हा, ग्राफसाठी कधीच नाही.

आणि टास्क वनला जेमतेम 20 मिनिटं असतात, किमान 150 शब्द लिहायचे असतात, तेव्हा पहिल्या वाक्यात अडकून बसू नका. दोन-तीन गोष्टींची तुलना असेल तर 'कंपेअर्स', नाहीतर सरळ 'गिव्ज इन्फर्मेशन अबाउट' लिहा आणि आकड्यांकडे वळा.