वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबल एकाच साउंड सिस्टिमला कशा जोडाव्यात

स्पीकरची वायर एका कंपनीची, आरसीए केबल (प्लेअरचा आवाज ॲम्पपर्यंत नेणारी, गोल प्लगची) दुसऱ्या कंपनीची आणि एचडीएमआय टीव्हीच्या खोक्यातली, हे चालतं. कंपनी एकच हवी असा आग्रह धरू नका. मात्र खाली सांगितलेल्या गोष्टी तपासून घ्या.

१. ॲम्प्लिफायर बंद करा, प्लगही काढा. चालू ॲम्पवर स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर तो जळू शकतो.

२. डाव्या-उजव्या स्पीकरला शक्यतो सारखीच वायर लावा. निदान जाडी आणि धातू तरी एकच असू द्या. वायरचा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या (स्पीकरवर ओहममध्ये लिहिलेला त्याचा विरोध) ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ढोबळ हिशोब आहे. १.५ चौरस मिमी तांब्याची वायर ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन रोध ०.११ ओहमच्या आसपास होतो. ८ ओहमच्या स्पीकरला मर्यादा ०.४ ओहमची, म्हणजे काळजी नाही. पण ४ ओहमचा स्पीकर १० मीटरवर असेल, तर रोध ०.२३ ओहम होतो आणि मर्यादा ०.२. तिथे २.५ चौरस मिमीची वायर घ्या. बाहेरच्या प्लास्टिकच्या जाडीवर जाऊ नका. वायरवर ‘सीसीए’ छापलं असेल तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याच जाडीला रोध सुमारे दीडपट.

३. आता पोलॅरिटी, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडणं. सरमिसळीत खरा घोटाळा होतो तो इथेच. कोणी एका तारेवर लाल पट्टी देतं, कोणी अक्षरं छापतं, कोणी फक्त बोटाला लागेल अशी उभी रेघ ठेवतं. प्लस कोणती हे तुम्हीच ठरवा; दोन्ही टोकांना तीच पाळली की झालं. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तर बास पातळ होतो आणि मधोमध ऐकू यायला हवा तो गायक कुठेच सापडत नाही. शंका आली तर तारा ॲम्पमधून काढा आणि १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस प्लसच्या तारेला. दोन्ही वूफर एकाच दिशेने हलायला हवेत.

४. आरसीएची डावी-उजवी केबल एकाच जोडीतली असावी. सीडी प्लेअरला एवढं पुरे. टर्नटेबलवर (रेकॉर्ड प्लेअरवर) मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, हलत्या चुंबकाचा भाग) असेल तर मात्र केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वरच्या पट्टीतला आवाज बदलते, म्हणून तिथे आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल लावा. डिजिटल कोॲक्शियल जोडणीला (एकाच केबलमधून डिजिटल आवाज नेणाऱ्या) ७५ ओहमची केबल हवी. जुन्या व्हिडिओ केबलमधली पिवळी सहसा तीच असते.

५. एका वेळी एकच केबल बदला आणि आवाजाची पातळी तीच ठेवून ऐका. जरा मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. फरक जाणवलाच तर आधी जुनी केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, मग ऐका. प्लगवर चढलेला गंज तेवढ्या घासण्यानेही निघतो.