ॲपल किंवा गूगल प्लेने तुमचं ॲप रिजेक्ट केलं? आधी हे करा

लगेच चिडून अपील टाकू नका, मेसेजमधला नियम क्रमांक नीट वाचा. माझं डब्याचा हिशोब ठेवायचं ॲप दोनदा परत आलं, कारण काय तर लॉगिनचा ओटीपी माझ्याच मोबाइलवर येत होता आणि मी दादरला फास्ट लोकलला लटकलेलो, ॲप तपासणारा रिव्ह्यूवाला आत शिरणार कसा! म्हणून डेमो अकाउंट, फिक्स ओटीपी रिव्ह्यू नोट्समध्ये (ॲप पाठवताना तपासणाऱ्यासाठी लिहायच्या रकान्यात) लिहाच.

गूगल प्लेवर नवीन पर्सनल अकाउंटला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांकडून चाचणी) 12 टेस्टर सलग 14 दिवस लागतात, कंपनीच्या अकाउंटला ही अट नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडले की मिळतात बारा जण.

ॲपलने नियम चुकीचा लावलाय वाटलं तर ॲप रिव्ह्यू बोर्डाकडे अपील करता येतं, तिथे कुठल्या स्क्रीनवर काय होतं एवढंच लिहा.