शाईच्या पेनांचे दोन संग्राहक: ओळखीपासून लग्नाच्या मागणीपर्यंत

शाईच्या पेनांचा संग्रह करणाऱ्या दोन व्यक्तींचा एकमेकांवर जीव जडला की इतरांना सहसा न पडणारा एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो: ज्याच्याकडे पेने आधीच भरपूर आहेत आणि ज्याला त्यांची पारख आपल्याइतकीच आहे, त्याला मनातले सांगताना पेनाचा आधार घ्यावा तो कसा? माझे मत सुरुवातीलाच सांगते. संग्राहकाला लग्नाची मागणी घालायची ती दुर्मिळ वस्तू पुढे करून नव्हे, तर लिहून घालावी. पेन भेट द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण त्या पेनाने लिहिलेल्या शब्दांना पहिला मान असावा.

ओळख वाढू लागते तेव्हा पहिली कसोटी पेन हाती देण्याची असते. निब मालकाच्या हाताला वळते, दुसऱ्याने लिहिले की बिघडते, अशी समजूत जुनी आहे आणि तिच्यामुळे कितीतरी जण आपले आवडते पेन कोणालाच देत नाहीत. वास्तविक निबेच्या टोकावर ऑस्मियम, रुथेनियम, इरिडियम अशा धातूंच्या अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो आणि तो झिजायला वर्षे लागतात. पानभर कोणी लिहिल्याने त्याचा आकार बदलत नाही. खरे धोके वेगळे आहेत. जुन्या लवचीक निबेवर जोर दिला तर तिचे दोन दाते फाकतात आणि पुन्हा जुळत नाहीत, टोपण गरजेपेक्षा घट्ट पिळले तर त्याच्या कडेला तडा जातो, आणि टोपण मागच्या बाजूला खोवले तर जुन्या बॅरलवर, म्हणजे पेनाच्या नळीसारख्या अंगावर, कायमचा ओरखडा उमटतो. पेन देणाऱ्याने या गोष्टी आधीच शांतपणे सांगाव्यात आणि मग लिहिणाऱ्याच्या हाताकडे काळजीने पाहत बसू नये. घेणाऱ्याने टोपण मागे लावायचे का आणि परत देताना पेन धुऊन द्यायचे की शाईसह, हे विचारून घ्यावे. आपले भरलेले पेन समोर ठेवून ‘आठवडाभर तुझ्याकडेच राहू दे’ असे म्हणणारा संग्राहक आपल्याकडून फार मोठे काही देत असतो, आणि ते ओळखणे हे घेणाऱ्याचे काम आहे.

त्यानंतर पत्रे लिहावीत, अगदी रोज भेट होत असली तरीही. पत्रात मन उतरते हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की जोडीदाराला कोणती निब आवडते हे न विचारता कळण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे. पत्र उजेडात धरून रेषा पाहावी. देवनागरी लिहिताना उभे दंड जाड आणि शिरोरेषा बारीक येत असतील, तर लिहिणारा बहुधा स्टब किंवा इटालिक, म्हणजे सपाट, रुंद टोकाची निब वापरतो. सगळीकडे रेषा सारख्या जाडीची असेल तर निब गोल टोकाची आहे. जाडीचा अंदाज मात्र निबेवरच्या अक्षरावरून करू नये, कारण जपानी बनावटीची एफ (फाइन, म्हणजे बारीक) निब युरोपीय बनावटीच्या एफ निबेपेक्षा सहसा बारीक लिहिते. ओळींच्या एकाच बाजूला शाई पुसटल्यासारखी दिसली, तर लिहिणारा डावखुरा असण्याची किंवा त्याच्या आवडीची शाई उशिरा वाळण्याची शक्यता धरावी. या नोंदी मनात ठेवाव्यात, कारण मागणीच्या कागदावर त्यांचा उपयोग होणार आहे.

आता त्या कागदाकडे वळू. शाई निवडण्यात सर्वाधिक वेळ घालवावा असे मला वाटते, कारण आपण रोज वापरतो त्या बहुतेक शाया केवळ पाण्यात विरघळलेल्या रंगांच्या असतात. उन्हाने त्या फिक्या पडतात आणि पाण्याचा थेंब पडला की पसरतात. टिकायचे असेल तर पर्याय दोन. पहिला लोहयुक्त शाईचा, जिला संग्राहक आयर्न गॉल म्हणतात. ओकसारख्या झाडांवर किड्यांमुळे येणाऱ्या गाठींतील टॅनिन आणि लोहाचा क्षार यांपासून ही शाई परंपरेने बनत आली. लिहिताना ती फिकी दिसते, पण हवेशी संयोग झाला की तिच्यातील लोहाचे रूप बदलून अक्षरे हळूहळू काळपट होतात आणि कागदाच्या तंतूंत घट्ट बसतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदणीची वही अशाच शाईने लिहिली जात असे, आणि ती वहीची पद्धत मे 2021 मध्ये बदलेपर्यंत चालू होती. म्हणूनच या प्रकारच्या एका शाईच्या बाटलीवर आजही रजिस्ट्रार हे नाव दिसते. मागणीच्या शब्दांसाठी याहून उचित शाई मला सुचत नाही. लिहिल्यानंतर तिचा रंग समोरासमोर गडद होत जातो, तोही दोघांनी मिळून पाहण्यासारखा असतो.

मात्र ही शाई आम्लधर्मी असते. सोन्याच्या निबेला तिचा त्रास सहसा होत नाही, पोलादी निबेला होऊ शकतो, आणि कोणत्याही पेनात ती महिनोन्महिने भरून ठेवणे चुकीचेच आहे. दुसरा पर्याय पिगमेंट शाईचा. तिच्यातील रंगाचे कण विरघळत नाहीत, कागदावर बसून राहतात, त्यामुळे ती पाण्याला आणि उजेडाला चांगली टिकते. पण हेच कण निबेखालच्या, शाई निबेपर्यंत आणणाऱ्या जिभेत वाळून बसले तर काढणे अवघड होते, म्हणून जुन्या, सहज न उघडणाऱ्या पेनात ती भरू नये. कोणतीही शाई घेतली तरी एक चाचणी महिनाभर आधी करावी: कागदावर चार ओळी लिहून त्यांचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा, तो कागद खिडकीजवळ उन्हात ठेवावा, आणि काही आठवड्यांनी दोन्ही भागांची तुलना करावी. जोडीदाराला चमचमणारी किंवा धातूसारखी झाक देणारी शाई आवडत असेल तर ती पाकिटावर नाव लिहायला वापरावी. झाक मारणाऱ्या शाया वाळल्यानंतरही ओलसर बोटाला लागतात, आणि हा कागद तर पुन्हा पुन्हा हाती घेतला जाणार आहे.

कागद आम्लविरहित, शक्य असल्यास सुती लगद्याचा घ्यावा. अतिपातळ, गुळगुळीत कागदावर शाईच्या छटा सुंदर उमटतात हे खरे, पण त्यावर ती वाळायला फार वेळ घेते. मजकुराचा कच्चा खर्डा आधी साध्या वहीत करावा आणि पक्का कागद एकाच बैठकीत लिहावा. टीपकागद लावू नये, कारण तो वरची ओली शाई उचलून घेतो आणि अक्षर फिके राहते. चूक झालीच तर एका रेषेने खोडून पुढे जावे. पेन आदल्या दिवशी भरून दोन-तीन पाने त्याने लिहून पाहावीत, म्हणजे ऐन वेळी निब कोरडी पडण्याचा प्रसंग येत नाही.

आणि मजकुराखाली जागा सोडावी. माझ्या दृष्टीने या साऱ्या पद्धतीचा गाभा तो आहे. वाचून झाल्यावर पेन समोरच्या हाती द्यायचे आणि उत्तर त्याच कागदावर लिहू द्यायचे. म्हणूनच या प्रसंगासाठी आपल्या हाताला लाडकी असलेली, एका विशिष्ट कोनातच चालणारी निब निवडू नये. कोणत्याही पकडीत, डाव्या किंवा उजव्या हाताने सुरळीत चालेल अशी मध्यम गोल निब निवडावी. चारचौघांत, कॅमेरे रोखलेले असताना हे करू नये. उत्तर लगेच न आले तर कागद आणि पेन दोन्ही जोडीदाराकडेच राहू द्यावे, विचारणा करू नये. लिहायला वेळ लागतो हे दोन संग्राहकांना तरी एकमेकांना समजावून सांगावे लागत नाही.

सोबत पेन भेट द्यायचे असल्यास, जोडीदार वर्षानुवर्षे शोधत असलेले पेन आपण गुपचूप शोधून आणण्याचा मोह होतो. तो बहुतेक वेळा आवरावा. शोधण्यातला आनंद ज्याचा त्याचा असतो, आणि तो हिरावून घेतल्याची हळहळ भेटीच्या आनंदाखाली राहून जाऊ शकते. त्याऐवजी अर्थाला धरून निवड करावी. शेफर कंपनीने 1920 मध्ये लाइफटाइम हे आजन्म हमीचे पेन आणले आणि 1924 पासून त्या हमीची खूण म्हणून टोपणावर पांढरा ठिपका बसवला. लग्नाच्या मागणीसोबत द्यायला तो ठिपका पुरेसा बोलका आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील छोटी रिंग-टॉप पेनेही पाहावीत, ज्यांच्या टोपणाच्या माथ्यावर साखळीत किंवा फितीत ओवण्यासाठी एक कडी असते. जुने पेन घेताना टोपणाच्या कडेचे तडे भिंगातून तपासावेत, आत शाई साठवणारी रबरी पिशवी बदललेली आहे का ते विचारावे, आणि देण्यापूर्वी स्वतः शाई भरून लिहून पाहावे. जुन्या पेनावर नवी अक्षरे कोरून घेऊ नयेत. संग्राहकाच्या डोळ्याला ती जखमच दिसते. नव्या पेनावर कोरायला हरकत नाही. निब घासून आकार बदलून घेणे मात्र नव्या पेनाच्या बाबतीतही कायमचे असते, त्यामुळे पत्रांवरून काढलेल्या अंदाजाची पूर्ण खात्री असेल तरच त्या वाटेला जावे.

अंगठीचे म्हणाल तर सोन्याच्या निबेवर कोरलेला आकडा उपयोगी पडतो. 585 म्हणजे 14 कॅरेट आणि 750 म्हणजे 18 कॅरेट. जोडीदार रोज वापरत असलेल्या निबेच्या कॅरेटची आणि रंगाची अंगठी केली तर लिहिताना दोन्ही सोने एकमेकांशेजारी शोभते. अंगठी पेनाच्या पेटीत ठेवण्याची कल्पना जवळपास प्रत्येकाला सुचते, म्हणून सावधगिरीच्या गोष्टी सांगून ठेवते. एबोनाइट हे गंधक घालून कडक केलेले रबर आहे, त्यामुळे अशा पेनासोबत बंद पेटीत चांदीची अंगठी ठेवली तर ती काळवंडते. अंगठी बॅरलवर सरकवू नये. आतली कड सेल्युलॉइडवर, म्हणजे जुन्या पेनांच्या प्लास्टिकवर, चरे पाडते, आणि हिऱ्याचे खडे शेजारच्या पेनालाही सोडत नाहीत. शाईच्या दौतीत तर अंगठी मुळीच टाकू नये, कारण मोती, ओपल, फिरोजा यांसारखी सच्छिद्र रत्ने रंग शोषून घेतात आणि तो डाग निघत नाही. जुन्या निबा वितळवून अंगठी घडवणे मला व्यक्तिशः सहन होत नाही, आणि जोडीदारालाही होणार नाही असे धरून चालावे.

होकार आल्यावर दोन्ही संग्रहांच्या वेगवेगळ्या याद्या छायाचित्रांसह करून ठेवाव्यात. दोघांकडे एकच पेन निघाले तर त्यातले एक विकण्याची घाई करू नये. बहुधा दोन्ही निबा वेगळ्या लिहितात. मागणीचा कागद लॅमिनेट न करता दोन आम्लविरहित कागदांमध्ये, उजेडापासून दूर ठेवावा. ते पेन मात्र आठवड्याभरात धुवावे: साधे गार पाणी, गरम नाही, स्पिरिट अजिबात नाही, कारण गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उतरतो आणि स्पिरिटमुळे काही प्लास्टिके खराब होतात. पाणी स्वच्छ येऊ लागले की निब खाली करून मऊ कापडावर रात्रभर उभे ठेवावे.

विवाहनोंदणीच्या दिवशी सही याच पेनाने करायची असेल, तर तेथे कोणती शाई चालते हे नोंदणी कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. आदल्या दिवशी पेन पूर्ण भरावे, अर्धवट नको, कारण आत जितकी हवा जास्त तितकी ती उष्णतेने फुगून शाई बाहेर ढकलते. निब वर राहील असे ते खिशात लावावे, आणि सोबत एक जुना कागद असू द्यावा, म्हणजे सहीपूर्वी दोघांनाही एकेक ओळ लिहून पाहता येईल.