पिंपातलं खत: चार-पाच घरांपुरतं

२०० लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपाला बुडाशी आणि चहूबाजूंनी पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा; मोठी पाडलीत तर उंदीर येतात. पिंप चार विटांवर सावलीत ठेवा. तळाला नारळाच्या शेंड्या आणि काटक्यांचा वीतभर थर द्या.

रोज एक भांडं ओला कचरा टाकला की त्यावर दोन भांडी वाळका पाला. इथेच बहुतेकांचा हात आखडतो, आणि मग वास येतो. झाडलोट झाल्यावर पाला जाळू देऊ नका, पोत्यांत भरून ठेवा; पावसाळ्यात तो सोन्यासारखा वाटतो. विरजण म्हणून पहिल्यांदा दोन मुठी जुनं खत किंवा शेण पुरे.

आठवड्यातून दोनदा काठीने तळापर्यंत हलवा. मूठभर मिश्रण आवळून पाहा: हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. ठिबकलं तर पाला वाढवा. भुरभुरीत असेल तर पाणी शिंपडा. जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. उरलेली आमटी, तेलकट भाज्या, हाडं मात्र नकोत.

पिंप भरल्यावर दीड-दोन महिने थांबा. मातीसारखा वास आला की चाळा. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत.