८६बॉक्समधल्या विंडोज ९८ला नेटवर्क जोडणे
८६बॉक्स हा जुन्या पीसीची नक्कल करणारा प्रोग्राम. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क’ उघडा, मोड ‘स्लर्प’ (तुमच्या खऱ्या संगणकाचं इंटरनेट वापरणारा मोड) ठेवा आणि नेटवर्क कार्ड रिअलटेक आरटीएल८०२९एएस निवडा. त्यासाठी निवडलेल्या मशीनला पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायच्या जागा) हवेत. हे कार्ड विंडोज ९८ स्वतःच ओळखतं. जुन्या आयएसए स्लॉटच्या एनई२००० कार्डसाठी आयआरक्यू (कार्डाचा इंटरप्ट क्रमांक) हाताने जुळवत बसावं लागतं, ते टाळलेलंच बरं. ड्रायव्हर बसवताना विंडोज सीडी मागेल, तिची इमेज आधीच जोडून ठेवा.

रीस्टार्टनंतर ‘विनआयपीसीएफजी’ हा आयपी पत्ता दाखवणारा प्रोग्राम चालवा. १०.०.२.१५ दिसलं की काम झालं. १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता आला, तर डीएचसीपीचं (पत्ता आपोआप देणाऱ्या सेवेचं) उत्तर पोहोचलेलं नाही. मोड पुन्हा तपासा.

जोडणी तपासायला पिंग आदेशावर विसंबू नका, स्लर्पमध्ये बाहेरचा पिंग बहुधा अडतो. साधं एचटीटीपी पान उघडून पाहा. एचटीटीपीएस पानं अडली तर दोष नेटवर्कचा नाही; जुन्या ब्राउझरला आजचं एन्क्रिप्शन कळत नाही.