जुनी जीप रंगाला घेताना: आधी धुणं, मग घासणं

द्राक्षबागेत राबलेली जीप रंगाला घ्यायची म्हणजे पहिलं काम पॉलिश पेपरचं नाही, साबण-पाण्याचं आहे. नाशिकजवळ मखमलाबादकडे माझ्या शेडमध्ये येणाऱ्या बहुतेक जुन्या महिंद्रा जीप बागेतूनच येतात. मागे वर्षानुवर्षं औषधांचे कॅन, गंधकाची पोती, फवारणीचे पंप वाहिलेले असतात. औषध पानावर पसरावं म्हणून त्यात जे स्प्रेडर मिसळतात, त्यातल्या पुष्कळांत सिलिकॉन असतं. पत्र्यावर ते दिसत नाही. त्यावर तसाच पेपर मारला की ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंगाचा कोट पडला की तिथे बारीक गोल खड्डे उमटतात. पेंटर त्याला फिश आय म्हणतात. वरून कितीही कोट द्या, खड्डा जात नाही. सगळं उतरवून पुन्हा सुरुवात करावी लागते.

म्हणून गाडी खोलण्याआधी प्रेशर वॉशरने खालून-वरून धुवा, मग डिटर्जंट आणि कोमट पाण्याने हाताने घासा. पूर्ण वाळली की वॅक्स-ग्रीज रिमूव्हर घ्या. एका फडक्याने तो ओला लावायचा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचा. वाळू दिला तर मळ जागच्या जागीच राहतो. फडकी सारखी बदला. डिझेल किंवा रॉकेलने पुसायची सवय अजून अनेकांना आहे, पण त्याची तेलकट साय मागे राहते आणि प्रायमर तिच्यावर धरत नाही. शेडमध्ये टायर पॉलिशचा स्प्रेही वापरू देऊ नका, त्यातही सिलिकॉनच असतं.

खोलताना प्रत्येक भागाचे फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. बॅटरी काढा. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती उतरवून लांब नेल्याशिवाय ग्राइंडर किंवा वेल्डिंगला हात लावायचा नाही. रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते.

जुना रंग काढायला सगळे सरसकट सँड ब्लास्टिंग सुचवतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करून देणारे आहेत, आणि चासी, ब्रॅकेट, चाकांच्या डिश यांच्यासाठी त्याहून चांगला उपाय नाही. पण बॉनेट आणि टबच्या, म्हणजे बॉडीच्या खोक्याच्या, सपाट बाजू तिकडे देऊ नका. कणांच्या माऱ्याने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि पत्रा फुगतो. मग तो ठोकून सरळ करण्यात आठवडा जातो. सपाट पत्र्याला पेंट रिमूव्हर किंवा ग्राइंडरवरची स्ट्रिपिंग डिस्क वापरा. रिमूव्हर जोडांच्या फटीत राहिला तर नंतर नवा रंग आतून उचलतो, म्हणून तिथे भरपूर पाणी मारा आणि लगेच हवेने वाळवा. उघडा पत्रा उघड्या हाताने धरू नका. घामातल्या मिठाने रात्रीत बोटांचे ठसे गंजतात.

आता गंज. सीटखालचे बॉक्स, फ्लोअरखालच्या पट्ट्या आणि मडगार्डच्या मागची बाजू या तीन जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं की तो तुकडा कापायचा आणि तेवढ्याच जाडीच्या पत्र्याचा तुकडा लहान-लहान टाके देत वेल्ड करायचा. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा वाकतो. भोकावर पुट्टी लावून देणारे कारागीर भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा. पुट्टी मागच्या बाजूने ओल शोषते आणि पहिल्याच पावसाळ्यात फोड येतो.

पत्रा स्वच्छ झाला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. पुट्टी त्याच्यावर, खाली नाही. आधी हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) जेवढा डेंट काढता येईल तेवढा काढा. पुट्टी 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड नको. हार्डनर साधारण 2 टक्के, म्हणजे 100 ग्रॅमला 2 ग्रॅम. घाई म्हणून जास्त घातलं तर नंतर वरच्या रंगावर डाग उमटतात. पुट्टी नेहमी कोरडीच घासायची, लांब ब्लॉकवर पेपर लावून, आधी 80 नंबर, नंतर 180. नुसत्या बोटांनी घासली तर लाटा राहतात आणि गडद रंगात त्या लांबूनही दिसतात.

त्यावर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर). वरून काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा द्या आणि 400 नंबरच्या पेपरने ब्लॉकवर घासा. काळं जिथे उरतं तिथे खड्डा आहे. साध्या रंगाला शेवटी 600 पुरतो, मेटॅलिकला 800 लागतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि टाकीतलं पाणी रोज सोडायचं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही आणि एकदा दम लागायला सुरुवात झाली की तो आयुष्यभर राहू शकतो. बाहेरून हवा देणारा मास्क वापरा. हा खर्च टाळू नका.

नाशिकची हवा रंगकामाला फार चांगली आहे, पण वेळ पाहावी लागते. पावसाळ्यात उघडा पत्रा ठेवूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, पण तेव्हाच बागेत फवारण्या जोरात असतात. वारा बागेकडून असेल त्या दिवशी शेडचं दार बंद. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पत्रा थंडगार असतो आणि त्यावर न दिसणारं दव धरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, किमान 3 अंश वर हवं. शिवाय 10 अंशांखाली बरेच एपॉक्सी नीट पिकत नाहीत. म्हणून थंडीत मी अकराच्या आधी गन हातात घेत नाही आणि चारनंतर चालवत नाही. मेमध्ये उलट: थिनर हवेतच उडतो, म्हणून सावकाश वाळणारा थिनर घ्या.

सुट्या भागांत चाकाच्या नटाची तिरकी बैठक टेप लावून झाका. तिथे जाड रंग बसला तर तो दबतो आणि नट ढिले पडतात. ब्रेक ड्रमची आतली बाजू, ग्रीस निपल, बोल्टचे आटे आणि अर्थिंगच्या जागाही झाका. चासी नंबरावर ग्राइंडर किंवा पुट्टी अजिबात नको, फक्त पातळ प्रायमर, कारण आरटीओत त्याचा पेन्सिल छाप घ्यावा लागतो. रंगच बदलणार असाल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्या, आणि ते कागद रंगाचा डबा आणायच्या आधी बघा.