ऋतू समजावताना या चुका टाळा

‘पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा’ हे उत्तर शिकलेली माणसंही बिनदिक्कत ठोकून देतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. उत्तर गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो! जुलैत ती 15 कोटी 21 लाखांवर जाते. पुस्तकांतल्या आकृत्याही या गैरसमजाला खतपाणी घालतात. त्यांत कक्षा तिरकी दाखवलेली असल्याने लांबट दिसते. वरून पाहिली तर डोळ्यांना ती वर्तुळच वाटेल.

अंतराचा मुद्दा खोडला की तो मागच्या दाराने परत येतो: ‘कललेला गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो म्हणून तापतो.’ अहो, अख्ख्या पृथ्वीचा व्यासच 12,742 किलोमीटर. पंधरा कोटींपुढे त्याची काय मातब्बरी?

खरा फरक पडतो तो उन्हाच्या कोनाने आणि दिवसाच्या लांबीने. 50 अंश उत्तरेला 21 जूनच्या दुपारी सूर्य सुमारे 63 अंश वर असतो, डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, जेमतेम 17. तेवढंच ऊन डिसेंबरात तिपटीहून अधिक जमिनीवर पसरतं. त्यात जूनचा दिवस सोळा तासांचा, डिसेंबरचा आठ. (तरी 21 जून हा सर्वांत उष्ण दिवस नसतो, जमीन आणि पाणी तापायला वेळ घेतात.)

सगळ्यात जास्त घोळ होतो पृथ्वीगोल आणि दिव्याच्या प्रयोगात. गोल हातात धरून दिव्याभोवती फिरताना आपण स्वतः वळतो, आणि आपल्याबरोबर गोलाचा अक्षही वळतो. मग उत्तर ध्रुव कायम दिव्याकडेच झुकलेला राहतो आणि वर्षभर उन्हाळाच! अक्षाचा कल साधारण साडेतेवीस अंशांचा असतो आणि वर्षभरात त्याची दिशा बदलत नाही. उत्तरेकडचं टोक ध्रुवताऱ्याच्या रोखानेच राहतं. म्हणून खोलीची एक भिंत ठरवा आणि फेरीभर अक्षाचं वरचं टोक तिच्याकडेच झुकलेलं ठेवा.

दिवा उघडा हवा, शेड नको, आणि गोलाच्या मध्याच्या उंचीवर. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या) जागी, म्हणजे अक्ष दिव्याकडेही झुकलेला नाही आणि दिव्यापासून दूरही नाही तिथे, प्रकाश आणि सावलीची सीमा दोन्ही ध्रुवांजवळून जायला हवी. तिथे एक ध्रुव उजेडात आणि दुसरा अंधारात दिसला, तर आधी दिव्याची उंची तपासा, मग अक्षाची दिशा.